पॅडल फ्लोट हॅचमध्ये ठेवू नका (देवबागला कयाक उलटली, त्या पोस्टला उत्तर)

तुम्ही लिहिलंय की देवबागच्या संगमाबाहेर (मालवणजवळ, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे) कयाक उलटली, फ्लोट (वल्ह्याच्या म्हणजे पॅडलच्या टोकाला लावायची हवेची पिशवी, पॅडल बोटीला आडवं टाकून तिच्या आधाराने चढतात) लावून तीनदा चढायला बघितलं आणि तिन्ही वेळा पलीकडे पाण्यात पडलात. वाचून पोटात गोळाच आला, कारण त्याच पट्ट्यात मी जवळजवळ दोन तास पाण्यात काढलेत.

स्कर्टचा (बसायच्या खळग्यावर ताणलेल्या, पाणी अडवणाऱ्या पडद्याचा) लूप ओढून बाहेर येणं, बोट सुलटी करणं हे तुम्हाला येतं असं धरतो. पलीकडे पडायचं कारण बहुतेक एकच, वर आल्याआल्या उठून बसायची घाई. मागच्या डेकवर पालथं पडायचं, तोंड स्टर्नकडे म्हणजे बोटीच्या मागच्या टोकाकडे, छाती डेकला चिकटलेली, एक पाय पॅडलच्या दांड्यावर ठेवून दुसरा कॉकपिटमध्ये (बसायच्या खळग्यात), मग पहिला, आणि मग फ्लोटकडे तोंड ठेवत हळूहळू वळायचं. वजन शेवटपर्यंत फ्लोटच्याच बाजूला. बसलात तरी फ्लोट काढू नका, आधी पंपाने पाणी उपसा, नाहीतर आतलं पाणी एका बाजूला धावतं की परत उलटलात.

आता माझी चूक सांगतो. भाड्याने बोट देणाऱ्याने फ्लोट मागच्या हॅचमध्ये (डेकवरच्या झाकणाखालच्या बंद कप्प्यात) टाकला, वाऱ्याने उडेल म्हणून, आणि मी मान डोलावली. फोनही तिथेच. उलटल्यावर पाण्यातूनच हॅच उघडलं, फ्लोट हातात आला पण दोन-तीन लाटा सरळ आत. झाकणाचं रबर कडेला बसेचना, एक बाजू दाबली की दुसरी उचकटायची, बोटं सोलपटली. कप्पा भरला, स्टर्न खाली गेली आणि बोट नाक वर करून उभी. तिच्यावर चढणार कसं? नाकाची दोरी मनगटाला एक वेढा देऊन धरली आणि सोडली नाही, एवढंच बरोबर केलं. सकाळचा मतलय (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा), वर ओहोटी, दोन्ही बाहेर ढकलत होते. जाळी ओढून परतणाऱ्या होडीवाल्यांनी शिट्टी ऐकली म्हणून आज लिहितोय.

म्हणून फ्लोट आणि पंप डेकवर, बंजीखाली (ताणल्या जाणाऱ्या रबरी दोरीखाली), वर क्लिपने अडकवलेला, एका हाताने निघेल असा. फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्ये अंगावर, शिट्टी जॅकेटला. कोस्टगार्डचा नंबर १५५४ पाठ करा.

भाड्याच्या बोटींना एवढं तरी सक्तीचं करा म्हणून नंतर एका कार्यालयात अर्ज दिला. तीन फेऱ्या मारल्या, दरवेळी हे आमच्याकडे येत नाही, त्या टेबलावर जा. अजून राग येतो, कारण पुढचा माणूस पोहणारा नसला तर?

मी काही प्रशिक्षक नाही, अनुभवावरून सांगतोय, जाणकाराकडून एकदा करून घ्याच. पण माझं स्पष्ट मत आहे की खाडीच्या संथ पाण्यातली प्रॅक्टिस धरू नका. थोड्या लाटा असताना, किनाऱ्याकडे वाहणाऱ्या वाऱ्यात, सोबत दुसरी बोट ठेवून दहा वेळा उलटा. आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी लागली की संगमाच्या तोंडाशी जायचंच नाही, बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारी लाट तिथे भिडतात, चांगले चांगले उलटतात.

तुमची बोट सिट-ऑन-टॉप (वर उघड्यावर बसायची) होती का कॉकपिटवाली, आणि पुढे-मागे दोन्हीकडे बंद कप्पे होते का, तेवढं कळवा. पुढचा नसेल तर वरचं बरंचसं बदलतं.