बुमराहबेन निघाल्या

ताई, मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते, मकरपुऱ्याच्या एका कंपनीत हिशेब बघते. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री क्रिकेट आणि काम दोन्ही चालतं. इंग्लंडमध्ये बुमराह पाचपैकी तीनच कसोट्या खेळला, त्यावर साहेबांनी लिहिलं, 'आजकाल सगळ्यांनाच आराम हवा.' मला राहवलं नाही. त्याच्या पाठीबद्दल लिहिता लिहिता रात्री साडेदहाला येणाऱ्या कामाबद्दलही लिहून टाकलं. आता संध्याकाळी साडेसहाला पाळणाघर गाठायला उठले, की मागून येतं, 'बुमराहबेन चाल्यां!' नवरा म्हणतो, बायकांनी क्रिकेटात पडावंच कशाला. माझं चुकलं का?
— साडेसहाची

अगं, 'बुमराहबेन' वाचून मला आधी हसू आलं. रागावू नकोस.

क्रिकेटचं म्हणशील तर तुझ्या बोलण्यात तथ्य आहे. २०२३ मध्ये बुमराहच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये सिडनीला पाठीनं पुन्हा दगा दिला, तेव्हा शेवटच्या डावात त्याला एकही षटक टाकता आलं नाही. तीनच कसोट्या हे दौऱ्याआधीच ठरलं होतं. पण साहेबांच्या हातातही पत्ते आहेत. त्या मालिकेत आपण जिंकलो त्या दोन्ही कसोट्या, एजबॅस्टन आणि ओव्हल, बुमराहशिवाय. सिराज पाचही खेळला, २३ बळी घेतले. मी स्वतः सिराजवाली. यावर आपण दोघी सुरसागर तलावाच्या काठी बसून तासभर भांडू आणि हसत घरी जाऊ. १९४७ मध्ये आपल्या बडोद्यातच हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची भागी केली. हजारेंच्या २८८ भारी की गुल महंमदच्या ३१९, यावर माझे वडील आणि मामा जन्मभर भांडले, पण पंगतीला शेजारी शेजारीच बसायचे.

साडेसहाची गोष्ट तशी नाही. ते मत नव्हे, तुझी सुटायची वेळ आहे. तू बुमराहच्या पाठीआड उभी राहून स्वतःचं गाऱ्हाणं मांडलंस, तेही सगळ्यांदेखत, आणि टोपणनाव तिथूनच आलं. त्याला विश्रांती देतात; तू पोर घ्यायला धावतेस आणि घरी येऊन कुकर लावतेस. यात आराम कुठं आला? उपमा तुझी, फायदा त्यांचा.

ग्रुपवर आता काही लिहू नकोस, माफीसुद्धा नाही. सकाळी साहेबांना एकटं गाठ. गुजरातीतच बोल, मराठीत तू लवकर चिडतेस, असं पत्रावरून दिसतं. म्हणावं, 'सर, ते ग्रुपवर लिहायला नको होतं, म्हणून इथं सांगते. मला साडेसहाला निघावंच लागतं. महिनाअखेरीला थांबायचं असेल तर दोन दिवस आधी सांगा, मुलाची सोय करते. रात्री आलेलं काम सकाळी सगळ्यात आधी हातात घेईन.' महिनाअखेरीचं मात्र खरोखर पाळ. एवढं करूनही ते ऐकेनात, तर मला पुन्हा लिही.

नवऱ्याला एवढंच विचार, २ नोव्हेंबर २०२५ ला हरमनप्रीतच्या संघानं विश्वचषक जिंकला, तेव्हा टीव्हीसमोरून कोण हललं नव्हतं? आणि त्याच दमात मंगळवार-शुक्रवारचं पाळणाघर त्यांच्या गळ्यात घाल. त्या दोन दिवशीही साडेसहालाच ऊठ. सुरसागरला एक निवांत फेरी मार, मग घरी जा.