करीना लिहिणारे आणि निवाडा लिहिणारे

आपण विचारले आहे की प्रबंधासारख्या मोठ्या लेखनासाठी स्वतःची पद्धत कोणती हे कसे ओळखावे, कारण आराखडा तयार असूनही लिहायला बसले की तो मोडतो आणि आपले मार्गदर्शक त्याला बेशिस्त म्हणतात. तो शेवटचा शब्द प्रश्नात नसता तर मी उत्तर लिहायला बसले नसते. माझ्या पीएच.डी.च्या काळात तो मी इतक्यांदा ऐकला आहे की अजूनही कोणी दुसऱ्याला उद्देशून म्हटला तरी मला लागतो.

माझा विषय अठराव्या शतकातील पुणे प्रांतातल्या वतनाच्या तंट्यांचा होता. पाटीलकी कोणाची, वडीलपण कोणत्या घराकडे, पोळ्याला पहिला बैल कोणाचा निघायचा, होळीच्या पोळीचा मान कोणाचा, यावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेली ही भांडणे. त्यांचे कागद पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराच्या रुमालांत बांधलेले आहेत, आणि ते मोडीत आहेत. एका कागदाच्या माथ्यावर ‘सीत समानीन मया व अलफ’ असे लिहिलेले असते, म्हणजे शुहूर सन या अरबी संख्यांत लिहायच्या कालगणनेचे वर्ष ११८६, म्हणजे मृगापासून धरलेले इसवी सन १७८५-८६. हे सराव झाल्यावर सोपे आहे, पण सराव होईपर्यंत एकेका तारखेला अर्धा दिवस जातो, आणि ज्या तारखेला अर्धा दिवस गेला ती तारीख प्रबंधातून वगळायला हात धजत नाही. माझ्या लेखनाचे मूळ दुखणे तेथेच होते, पण ते कळायला मला दोन वर्षे लागली.

टिपणांची सहाशेच्या वर कार्डे जमल्यावर मी थेट लिहायला बसले, कारण एखादा कागद काय सांगतो हे मला तो लिहून काढल्याखेरीज समजत नाही. चार महिन्यांत दुसरे प्रकरण ९४ पानांचे झाले. माझ्या मार्गदर्शक सरांनी ते तीन आठवड्यांनी परत केले, तेव्हा पहिल्या पानावर पेन्सिलीने एकच ओळ होती: ‘हे प्रकरण नव्हे, हे दफ्तर आहे.’ बाकीच्या ९३ पानांवर एक खूणसुद्धा नव्हती.

मी वाद घातला. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तो आधी पत्रे गोळा करून, आणि पानिपताचे विवेचन त्या पत्रांतून वर आलेले आहे, ते आधी ठरवून मग त्याला पत्रे चिकटवलेली नाहीत, असे मी बऱ्याच आवेशाने सांगितले. सर म्हणाले, ‘राजवाड्यांना मौखिक परीक्षा द्यायची नव्हती.’ विभागातले सगळे हसले, मीही हसले, आणि घरी जाऊन आराखडे करायला लागले. पुढच्या आठ महिन्यांत मी सात आराखडे केले, त्यांतला प्रत्येक आधीच्यापेक्षा देखणा होता, आणि प्रत्यक्ष लेखन झाले अकरा पाने. सहामाही प्रगती अहवालात ‘लेखन चालू आहे’ हे वाक्य मी या काळात दोनदा लिहिले.

कोंडी सुटली ती परिशिष्टासाठी एका निवाडपत्राचे, म्हणजे तंट्याच्या निकालपत्राचे, लिप्यंतर करताना. या कागदांची रचना ठरलेली असते. आधी अग्रवादी, म्हणजे फिर्याद करणारा, आपली तकरीर म्हणजे जबानी देतो, मग पश्चिमवादी, म्हणजे प्रतिवादी, देतो, आणि दोघेही पुष्कळदा करीनाच, म्हणजे घराण्याची आणि वतनाची मुळापासूनची हकीकत, सांगतात: आमचे मूळपुरुष अमुक, त्यांनी वतन असे खाल्ले, दुष्काळात घर परागंदा झाले, गुमास्ता वहिवाट करू लागला, आम्ही परत आलो तो त्याचा लेक दारात उभा. मग कागद तपासले जातात, साक्षी होतात, आणि अखेरीस निवाडा येतो. निवाडा चारपाच ओळींचा असतो, पण करीना लिहून घेतल्याशिवाय कारकुनाला निवाड्याची ओळ लिहिता आली नसती. मी करीना लिहिणारी बाई आहे आणि सरांना निवाडा हवा आहे, एवढे साधे भांडण होते, हे मला तेव्हा उमगले.

मग मी ती ९४ पाने पुन्हा काढली आणि प्रत्येक परिच्छेदाच्या समासात त्याचे म्हणणे एका वाक्यात लिहीत गेले. ज्या परिच्छेदाला वाक्य सुचेना तो बहुधा नुसत्या तारखांचा होता. आणखी एक गोष्ट दिसली, की माझे खरे विधान जवळजवळ दर वेळी विभागाच्या शेवटच्या ओळीत येत होते. म्हणजे मी वाचकाला चार पाने चालवून शेवटी दार दाखवत होते. त्या शेवटच्या ओळी वेगळ्या उतरवल्या तेव्हा तेवीस वाक्ये निघाली, ती मी क्रमाने लावली, आणि तो आराखडा झाला. सरांनी तो पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘हे आधीच करायला हवे होते.’ हा आराखडा आधी होणेच शक्य नव्हते, कारण त्यातले एकही वाक्य मला आधी ठाऊक नव्हते, हे मी त्यांना त्या दिवशी सांगितले नाही, म्हणून आता आपल्याला सांगत आहे.

आता आपला प्रश्न. शोधलेखनावरच्या पुस्तकांत लिहिणाऱ्यांचे प्रकार दिलेले असतात: सगळे ठरवून मग लिहिणारे, उडी घेऊन लिहीत सुटणारे, तुकड्यांची गोधडी शिवणारे. या वर्गीकरणाचा मला काडीचा उपयोग झाला नाही, कारण स्वतःला विचारले तर प्रत्येक जण पहिल्या प्रकारातच बसतो; त्यात प्रतिष्ठा आहे. स्वतःचे मत पुरावा म्हणून घेऊ नका, कागद घ्या. आपल्या एम.ए.च्या लघुप्रबंधाचा किंवा एखाद्या लेखाचा पहिला खर्डा आणि शेवटची प्रत शेजारी ठेवा. प्रस्तावना पहिली लिहिली होती आणि ती टिकली असेल तर आपण आधी ठरवणारे आहात, मग आपल्याला सध्याचा आराखडा पसंत नाही एवढाच अर्थ, आणि तो मोकळेपणाने बदलावा. प्रस्तावना फेकून द्यावी लागली असेल आणि मुख्य मुद्दा खर्ड्याच्या शेवटी सापडत असेल, तर आपण माझ्या जातीचे आहात, आणि आपला आराखडा खर्ड्यानंतर होणार. वेगवेगळ्या दिवशी लिहिलेले तुकडे जागा बदलून बसलेले दिसत असतील तर प्रत्येक तुकड्याला माथ्यावर एक विधान द्यावे. गोधडीवाल्यांना एवढे पुरते.

काही गोष्टी मी सुरुवातीलाच सांगायला हव्या होत्या. हे सारे कागदपत्रांवर चालणाऱ्या विषयांचे आहे. ज्यांचा प्रयोग किंवा सर्वेक्षण आधीच आखलेले असते त्यांनी खर्ड्यात मुद्दा शोधत बसू नये. शिवाय ही पद्धत प्रकरणाच्या मापाची आहे. संपूर्ण प्रबंधाची प्रकरणे नोंदणीच्या वेळच्या आराखड्यात मान्य झालेली असतात, आणि त्यांची चौकट सोडून मनसोक्त भटकले तर शेवटी सांधे जुळत नाहीत. आणि वेळ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या पीएच.डी. नियमावलीप्रमाणे प्रवेशापासून कमाल सहा वर्षे मिळतात, त्यापुढे फेरनोंदणीची दोन. करीना लिहिणाऱ्याला खर्डा दोनदा लिहावा लागतो, तेव्हा हा हिशेब पहिल्या वर्षीच करावा. मी केला नाही आणि मुदतवाढीचा अर्ज करताना फार ओशाळले.

त्या ९४ पानांतली छापील प्रबंधात ३८ उरली. काही परिशिष्टात गेली, बरीच कपाटात आहेत. ते प्रकरण नव्हते, दफ्तरच होते, आणि एवढ्यापुरते सरांना यजितखत लिहून द्यायला माझी तयारी आहे. पेशवाईत तंटा हरलेला पक्ष जिंकणाऱ्याला हरल्याची अशी लेखी कबुली देत असे. आराखडा आधी की नंतर, या कलमावर मात्र माझी सही मिळणार नाही.