'चार वीस तेरा' म्हणजे त्र्याण्णवच

प्रश्न असा: व्हिक्टर ह्यूगोच्या शेवटच्या कादंबरीचं (१८७४) नाव मराठीत 'त्र्याण्णव' लिहावं की 'नाइन्टी थ्री'? आणि फ्रेंचमध्ये ते 'चार वीस तेरा' असं का?

पहिल्याचं उत्तर एका शब्दात: त्र्याण्णव. मराठीत सुरळीत बोलताना आकडा आला की इंग्रजीत उडी मारायची, ही खोड आता व्याख्यात्यांनाही लागली आहे. कादंबरीतलं साल १७९३, फ्रेंच राज्यक्रांतीचं. जानेवारीत राजा सोळाव्या लुईचा शिरच्छेद, मार्चपासून पश्चिम फ्रान्समधल्या वाँदे भागात प्रजासत्ताकाविरुद्ध शेतकऱ्यांचं बंड. हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून पुढे.

खरी मौज 'कात्रव्हँ-त्रेझ' या मूळ फ्रेंच नावात आहे, शब्दशः 'चार वीस तेरा'. 'फ्रेंचांना नव्वदला शब्दच सुचला नाही' असे विनोद करणाऱ्यांनी खेड्यातल्या एखाद्या आजीला विचारावं. 'चार विसा न् तेरा' म्हटलं की तिचा हिशेब तयार! शिवाय फ्रेंचमध्ये नव्वदला 'नोनाँत' हा शब्द होताच. बेल्जियममध्ये आजही तोच चालतो. पॅरिसमध्ये मात्र विसांनी बाजी मारली. नवव्या लुईने तेराव्या शतकात ३०० अंधांसाठी आश्रम काढला, त्याचं नाव 'कँझ-व्हँ', म्हणजे पंधरा विसा. आज ते डोळ्यांचं इस्पितळ आहे, नाव तेच.

आता या विसा आल्या कुठून? काही पंडित त्या उत्तरेकडून, स्कँडिनेव्हियातून आलेल्या नॉर्मन लोकांच्या पदरात टाकतात आणि डॅनिशचा दाखला देतात. डॅनिशमध्ये नव्वद म्हणजे साडेचार विसा, हे कबूल. पण फ्रान्सच्या जुन्या केल्टिक रहिवाशांकडून, म्हणजे गॉल लोकांकडून आल्या म्हणावं, तर 'मधल्या शतकांतला लेखी पुरावा दाखवा' असं हे दरडावणार. अहो, मेंढरं मोजणारा माणूस शिलालेख कधी कोरत बसला होता? त्याच केल्टिक कुळातल्या, फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या ब्रेटन भाषेत आजही त्र्याण्णव म्हणजे 'तेरा आणि चार वीस'. माझ्या मते ही मोजणी तिथलीच, मातीतली.

आणि ह्यूगो काय करतो? ब्रिटनीच्या बंडखोर शेतकऱ्याचं वर्णन करताना त्याच्या भाषेला चक्क 'मृत' म्हणतो! त्याच भाषेच्या धाटणीची मोजणी ह्यूगोच्याच पुस्तकाच्या मुखपृष्ठावर. बरं, फ्रेंच नावातल्या 'चार' आणि 'वीस' यांच्यामधली आडवी रेघ काढून ते जोडूनच छापा, असा त्याचा हट्ट होता. प्रकाशक बऱ्याचदा ती रेघ परत घालतात.