नऊ एकांचा वर्ग

प्रश्न : मुलीला वर्गसंख्या समजावताना १११११११११ या नऊ एकांच्या संख्येचा वर्ग केला. स्प्रेडशीटने १२३४५६७८९८७६५४३०० असं उत्तर दिलं. शेवटी शून्यं कशी आली? आणि ही संख्या कोणकोणत्या प्रकारांत मोडते?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ती दोन शून्यं खरी नाहीत. एकक स्थानी १ असेल तर वर्गाच्या एकक स्थानीही १ च येतो. स्प्रेडशीट पहिले पंधरा अंक सांभाळते आणि पुढची घरं शून्यांनी भरते. खरं उत्तर सतरा अंकी आहे : १२३४५६७८९८७६५४३२१.

हा गुणाकार मुलीला कागदावर करू द्या. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, दर ओळ एक घर डावीकडे. उभ्या बेरजा १ पासून ९ पर्यंत चढतात आणि पुन्हा १ पर्यंत उतरतात. हातचा कुठेही घ्यावा लागत नाही, म्हणून संख्या दोन्हीकडून सारखी वाचता येते. मी वर्षानुवर्षं हे फळ्यावर मांडत आलो. मुलांना ते सांगावं लागत नाही, दिसतं.

तुमच्या गावाचा तर या संख्येवर हक्कच आहे. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी अशा संख्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटलं. जुन्या जी. आय. पी. रेल्वेवरचं डेम्लो स्टेशन म्हणजे आजचं डोंबिवली. तिथे त्यांना ही कल्पना सुचली.

‘हर्षद संख्या’ हे नावही त्यांचंच : अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो ती. इथे बेरीज ८१. नऊ एकांच्या संख्येला ९ ने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गाला ८१ ने जाणारच. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग.

आता मूळ अवयव पाडा. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. वर्गात ३ चार वेळा येतो, ३७ आणि ३३३६६७ दोन-दोनदा. विभाजकात ३ शून्य ते चार वेळा, म्हणजे पाच प्रकारे घेता येतो, बाकीचे दोन तीन-तीन प्रकारे. त्यावरून एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५. विभाजकांची संख्या विषम असणं हे फक्त पूर्ण वर्गांचंच लक्षण. स्वतः ती संख्या सोडून बाकी विभाजकांची बेरीज तिच्या निम्म्याहून थोडीच जास्त भरते, म्हणजे ती परिपूर्ण (बेरीज संख्येइतकीच) नाही, न्यून (बेरीज संख्येहून कमी) आहे.

पूर्ण वर्ग असणं, न्यून असणं हे गुण संख्या कशीही लिहिली तरी टिकतात. उलटसुलट सारखं दिसणं आणि हर्षद असणं मात्र आपल्या दशमान लेखनावर अवलंबून आहे. एवढ्यावरून दुसऱ्या गटाला कमी लेखणं मला पटत नाही. कापरेकरांनी आयुष्यभर याच गटात काम केलं, आणि शाळकरी पोराला पहिल्यांदा स्वतःहून काही सापडतं तेही इथेच.

मुलीला पुढे दहा एकांचा वर्ग करायला द्या. मधल्या स्तंभात दहा जमतात, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ होतं. अंकांची बेरीज ८२ भरते. मग ही संख्या हर्षद का असू शकत नाही, ते भागाकार न करता तिला सांगता येईल.