तिजोरीत पैसा नाही, असे सांगितले जाईल तेव्हा

प्रिय सहकारी,
सप्रेम नमस्कार.

अंगणवाडीच्या तरतुदीतील कपातीविरुद्ध शिष्टमंडळ घेऊन जाताना ‘वित्तीय तूट वाढली आहे’ या उत्तरापुढे काय बोलावे, असे तू विचारले आहेस. माझे स्पष्ट मत असे की, खर्चाचे समर्थन करत बसण्याआधी जमेचा हिशेब मागावा.

वित्तीय तूट म्हणजे सरकारचा खर्च आणि कर्ज सोडून इतर जमा यांतील फरक; ती जमा घटल्यानेही वाढते. 2015 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संपत्ती कर रद्द झाला आणि त्याच अर्थसंकल्पात, राज्यांचा करांतील वाटा 32 वरून 42 टक्के झाल्याचे कारण देऊन, अंगणवाड्या जिच्यातून चालतात त्या एकात्मिक बालविकास योजनेची तरतूद मोठ्या प्रमाणात घटवली गेली. 2019 मध्ये इतर सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी कराचा मूळ दर 22 टक्क्यांवर आणला, तेव्हा वर्षाला 1.45 लाख कोटी रुपयांचा महसूल सोडावा लागेल, असा सरकारचाच अंदाज होता. तरीही तुटीच्या धाकाने तो निर्णय थांबला नाही.

आपल्याच राज्याने याहून वेगळा मार्ग दाखवला आहे. 1972 च्या दुष्काळात तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली, तेव्हा तिच्यासाठी पैसा कुठून येणार हेही ठरवले गेले: 1975 पासून नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला, आणि या योजनेसाठीच्या करांतून जमेल तितकीच रक्कम राज्याने घालावी, अशी तरतूद झाली. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाचा भार उचलला, याचा कामगार चळवळीतील माणूस म्हणून मला आजही अभिमान वाटतो.

अंगणवाडीला असा राखीव निधी नाही, पण कायद्याचा आधार आहे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने बालकांचा आणि गरोदर व स्तनदा मातांचा आहार हा हक्क ठरवला, आणि 2022 मध्ये सेविका व मदतनिसांना ग्रॅच्युइटी लागू करताना सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याचा आधार घेतला. म्हणून निवेदनात मानधनाची मागणी आणि मुलांच्या आहाराची मागणी कधीही वेगळी करू नकोस. तसे केले की आहार जपण्यासाठी मानधन रोखले, असे सांगायला समोरच्यांना वाव मिळतो.

जाताना महिला व बालविकास विभागाच्या मागील तीन वर्षांच्या तरतुदी सोबत ने आणि मूळ अंदाज, सुधारित अंदाज (वर्ष सरत असताना बदललेली तरतूद) व प्रत्यक्ष खर्च असे तिन्ही आकडे शेजारी शेजारी मांड, कारण अर्थसंकल्पाच्या भाषणात न दिसणारी कपात बहुधा सुधारित अंदाजात केलेली असते.

तुझा,
एक जुना कार्यकर्ता