विरघळणाऱ्या धाग्यांनी चेहरा उचलून घ्यावा का?

ताई, वय ४८, गाल आणि जबड्याची कड थोडी सैल झालेली, शस्त्रक्रिया मात्र नको. अशा वेळी नागपूरला जाऊन धाग्यांचा उपचार घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी शस्त्रक्रियागृहात परिचारिका आहे. या उपचारातला पीडीओ, म्हणजे पॉलीडायऑक्सॅनोनचा धागा, पोटाचे आतले थर शिवायलाही वापरतात, त्यामुळे तो शरीरात विरघळतो याविषयी शंका नसावी.

चेहरा उचलण्यासाठीच्या धाग्याला बारीक काटे असतात. जागा बधिर करून तो सुईने किंवा बोथट नळीने त्वचेखाली सरकवतात. काटे आतला थर धरून ठेवतात आणि सैल भाग वर ओढला जातो. धागा साधारण ६ ते ८ महिन्यांत विरघळतो, त्याभोवती तयार झालेल्या कोलॅजनमुळे, म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणाऱ्या प्रथिनामुळे, घट्टपणा आणखी काही काळ जाणवतो, पण हा फरक कायमचा नाही. फार लोंबणाऱ्या त्वचेला, किंवा वर्षानुवर्षे उन्हात कापूस वेचून आलेल्या काळपट डागांना, त्याचा उपयोग होत नाही.

खरी काळजी पुढच्या दोन-तीन आठवड्यांची आहे. सूज आणि काळेनिळेपणा येतो, कधी गालावर खळी पडल्यासारखे दिसते. या काळात तोंड मोठे उघडणे, गाल चोळणे, कुशीवर झोपणे आणि दातांचे उपचार टाळावे लागतात. आपल्याकडे बायाही खर्रा खातात, म्हणून स्पष्ट सांगते: दिवसभर चघळल्याने धाग्याची पकड सुटू शकते आणि तंबाखूतील निकोटिनमुळे जखम उशिरा भरते. खर्रा सुटत नसेल, तर हा खर्च करू नये, असे माझे ठाम मत आहे. वेचणीचा हंगाम आणि मे महिन्याचे ऊनही टाळावे.

ब्युटी पार्लरमध्ये हे कदापि करून घेऊ नका. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन निवडा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे त्यांची नोंदणी आहे का ते पाहा, आणि रक्त पातळ करणारी गोळी किंवा मधुमेह असेल तर आधीच सांगा. गावी परतल्यावर रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा, हेही तिथेच विचारून घ्या. धाग्याचे टोक त्वचेबाहेर आले तर ते स्वतः ओढू किंवा कापू नका. दुखणे वाढत गेले, पू आला, ताप आला किंवा ओठ एका बाजूला वाकडा झाला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.