लाइटरूम क्लासिक या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकल्यापासून सगळं अडकत चालतंय. 16 जीबी रॅम आहे, फोटो D ड्राइव्हवर आहेत. नवा पीसी घ्यावा का?

नका घेऊ. दुकानदार म्हणाला रॅम 32 करा, तर तेही आज करू नका. फोटो D वर आहेत एवढं तुम्ही लिहिलंत, कॅटलॉग, म्हणजे लाइटरूमची दुरुस्त्यांची नोंदवही, कुठे आहे ते लिहिलं नाहीत. माझी पैज आहे, तोही D मध्येच आहे आणि तुमची D म्हणजे साधी फिरती हार्ड डिस्क आहे.

इतकं ठासून सांगतेय कारण यावरून आमच्या घरात अजून वाद चालू आहे. कराडला आमचा स्टुडिओ आहे. शूट दीर बघतात, एडिटिंग आणि अल्बम माझ्याकडे. पीसी जोडून देणाऱ्याने एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, C म्हणून लावली ती फक्त विंडोजसाठी, आणि जाताना बजावून गेला की डेटा सगळा D मध्ये. भावजींना ते वेदवाक्य. C मध्ये ठेवलेलं फॉरमॅट मारताना जातं, म्हणून मी डेस्कटॉपवर नवरीचा एक जेपेग ठेवला तरी ओरडा.

या सॉफ्टवेअरची मोठी आवृत्ती दरवर्षी साधारण ऑक्टोबरात येते. आपल्याकडे तेव्हा दिवाळीची गडबड, आणि तुळशीची लग्नं लागली की लग्नसराई सुरू. अशा वेळी चालत्या मशीनवर अपडेट दाबायचं नसतं, हे मी तेव्हाच बोलले होते. पण भावजींनी नवा कॅमेरा घेतलेला, त्याची रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, जुन्या आवृत्तीत उघडेना. अ‍ॅडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट मिळतो, त्यातून रॉ अ‍ॅडोबीच्या डीएनजी प्रकारात बदलून घेतली की जुन्यातच काम भागलं असतं. तेही बोलले होते. असो.

अपग्रेड झालं आणि एक्स्पोजरचा स्लायडर हलवला की फोटो मागाहून यायला लागला. पुढच्या फोटोवर गेलं की ‘लोडिंग’. ब्रश फिरवून माझा हात थांबायचा, पडद्यावर तो अजून नवरीच्या निम्म्या गालावर. तेवढ्यात एका पार्टीचा फोन, अल्बम कधी देताय? भावजी माझ्यासमोर बोलले, “आमच्या वहिनींचा हात जरा सावकाश आहे.” फोन ठेवला आणि संध्याकाळी रॅम घेऊन आले. 16 ची 32 झाली. फरक शून्य.

मग मी अर्ध्या पडद्यावर लाइटरूम आणि अर्ध्यावर टास्क मॅनेजरचं परफॉर्मन्सचं पान लावलं आणि नुसते स्लायडर हलवत बसले. प्रोसेसर निवांत. रॅम निम्मी रिकामी. D मात्र 100 टक्क्यांना चिकटलेली. तुम्हीही नवं काही विकत घेण्याआधी एवढं करा, पाच मिनिटांचं काम आहे.

कारण साधं आहे. कॅटलॉगमध्ये फोटो नसतात. ती एसक्यूलाइटची डेटाबेस फाइल असते, तुमची प्रत्येक दुरुस्ती तिच्यात लिहिली जाते. तिच्याशेजारी प्रीव्ह्यूंच्या, म्हणजे पडद्यावर दाखवायच्या प्रतींच्या, असंख्य बारीक फाइली. 2021 मध्ये 11 वी आवृत्ती आली तेव्हापासून एआय मास्कचा (फोटोतला माणूस किंवा आकाश आपोआप निवडण्याचा) डेटाही त्याच फोल्डरमध्ये वेगळा साठतो. भावजींनी नव्या मास्किंगच्या हौसेने ‘सिलेक्ट सब्जेक्ट’वाला प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग, अख्ख्या लग्नावर मारला होता, हळदीपासून पाठवणीपर्यंत. फिरत्या डिस्कला बारीकसारीक वाचणं-लिहिणंच सगळ्यात जड जातं, आणि आम्ही तिच्याकडून नेमकं तेच करून घेत होतो.

लाइटरूम बंद केलं, कॅटलॉगचं पूर्ण फोल्डर उचलून C मध्ये कॉपी केलं, D मधल्या जुन्याचं नाव बदललं म्हणजे चुकून ते उघडायला नको, आणि C मधल्या कॅटलॉगवर डबल क्लिक. फोटो D वरच राहिले, ते हलवायची गरज नसते. C मध्ये जागा भरपूर होती, तिथे कोणाला काही ठेवायची परवानगीच नव्हती ना. त्याच रात्री स्लायडर हाताबरोबर चालायला लागला. भावजींचं म्हणणं आजही हेच आहे की फरक रॅमनेच पडला, तिला फक्त ‘सेट व्हायला’ वेळ लागला.

आता तुमचं. डिस्क शांत असेल आणि जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची चिप, शून्यावर झोपलेला असेल, तर प्रेफरन्सेसमधल्या परफॉर्मन्समध्ये बघा, ग्राफिक्स कार्ड वापरात आहे का. ड्रायव्हर जुना असला तर नवी आवृत्ती कार्ड बाजूला ठेवते. ड्रायव्हर कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्या, एनव्हीडियाचं कार्ड असेल तर स्टुडिओ ड्रायव्हर. तिथेच कॅमेरा रॉ कॅश, म्हणजे रॉ फोटोंची तात्पुरती साठवण, 20 जीबी करून टाका. कॅटलॉग सेटिंग्जमध्ये एक्सएमपी (दुरुस्त्यांची फोटोसोबतची वेगळी नोंद) आपोआप लिहिण्याची खूण असेल तर काढा. अपग्रेडच्या जोडीने 4के मॉनिटर घेतला असेल तर सॉफ्टवेअरला शिव्या देऊ नका, फुल एचडीच्या चौपट पिक्सेल रंगवावे लागतात. स्मार्ट प्रीव्ह्यू, म्हणजे फोटोंच्या लहान प्रती, बनवून त्यावर काम करा, लांब बाजूला सुमारे अडीच हजार पिक्सेलचे असतात, रंग-उजेड बघायला पुरतात.

तुमच्याकडे लॅपटॉप असेल आणि आत एसएसडीच असेल, तर माझी पैज हरली. रॅम 8 असती तर मीही वाढवा म्हटलं असतं. एआय डीनॉइजला, म्हणजे फोटोतले दाणे काढायला, वेळ लागत असेल तर तो सगळा ग्राफिक्स कार्डाचा खेळ आहे, एसएसडीने काही होणार नाही. जुन्या आवृत्तीवर परत जायचं असेल तर जाता येतं, पण नव्या आवृत्तीने बदललेला कॅटलॉग जुनी उघडत नाही. अपग्रेडआधीचा कॅटलॉग तसाच पडलेला असतो, तो उघडेल, त्यानंतर केलेलं काम मात्र त्यात नसेल.

आणि तुमच्याही घरात ‘C मध्ये काही ठेवायचं नसतं’ म्हणणारं कोणी असेल, तर लाइटरूम बंद करताना बॅकअपची खिडकी येते, तिच्यात जागा बदलून D करा. फॉरमॅटची भीती तेवढ्याने मिटते. जुने बॅकअप साचत जातात, अधूनमधून काढावे लागतात. आमच्या D चा बराच भाग त्यांनीच खाल्ला होता, आणि ते काढायचं काम कोणाकडे होतं ते मी इथे लिहीत नाही, भावजीही या साइटवर असतात.